पोटातले दगड

एमील गेला त्याला पाच महिने होऊन गेले, आणि परवा आमच्या लेटरबॉक्समध्ये त्याचा फोटो आला. गुळगुळीत कागदावर, आमच्याच इस्टेटच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, दुसऱ्या टप्प्याच्या जाहिरातीत. मळकी टोपी, हातात दगड, नजर कॅमेऱ्याकडे नाही, दगडाकडे. खाली छापलंय, ‘फ्रेंच आल्प्सच्या परंपरेतल्या कारागिराने हाताने उभारलेली वारसा-भिंत.’ वाचून डोक्यात तिडीकच गेली. एक तर तो आल्प्सचा नव्हता. दुसरं, ती भिंत अख्खी त्याची नाही. तिसरं, जिवंत असता तर हा कागद घेऊन तो तडक सेल्स ऑफिसात गेला असता आणि साहेब बाहेर येईपर्यंत तिथून हलला नसता. मी काय केलं, तर कागदाची घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि डबा भरून साइटवर गेले. दोन दिवस घरात सगळ्यांवर उगाच खेकसतेय. म्हणून आज लिहायला बसले.

मी साइट इंजिनिअर. पुण्यात डिग्री, मेलबर्नला मास्टर्स, मग पीआर, मग शहराच्या पश्चिम कडेला टार्निटला घर. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा जो क्रम असतो तोच. घराशेजारच्या पॅडॉकवर, जुन्या कुरणावर, नवी इस्टेट उठत होती आणि तिथेच मला काम मिळालं. टार्निट म्हणजे परातीसारखी सपाट जमीन. चेंडू ठेवला तर ठेवला तिथेच राहील. अशा जमिनीवरच्या रस्त्यांना मार्केटिंगवाल्यांनी फ्रान्समधल्या डोंगरांची नावं दिली होती: ज्युरा ड्राइव्ह, व्होज कोर्ट, पिरनीज वे. का, तर फुलांची नावं आधीच्या इस्टेटीत संपली होती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जमिनीच्या कडेला एक जुनी दगडी भिंत होती. कधीकाळी मेंढ्या पाळणाऱ्यांनी शेतातले दगड वेचून रचलेली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. या भागात सगळीकडे अशा भिंती होत्या आणि आमच्यासारख्यांनी त्या सगळीकडे पाडल्या. ही साठ मीटर तेवढी परवानगीच्या कागदात ‘जपायची’ म्हणून लिहिलेली. ती आमच्या एक्स्कॅव्हेटरने चुकून पाडली. चुकून म्हणजे, मधे येत होती म्हणून. कौन्सिलने डोळे वटारले: होती तशी परत बांधून द्या. आता होती तशी बांधणारा माणूस आणायचा कुठून? शोधता शोधता बॅलरॅटच्या अलीकडच्या एका खेड्यात एमील सापडला. वय चौऱ्याहत्तर.

वयाने माझ्या वडलांपेक्षा मोठा. मराठीत मी त्याला अहोजाहोच केलं असतं. पण ओळख इंग्रजीतून झाली, आणि पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हटल्यावर त्याने मागे वळून बघितलं, मी कोणाला हाक मारतेय म्हणून. तेव्हापासून तो ‘तो’च राहिला.

त्या पहिल्या दिवशी त्याला इंडक्शनला बसवलं होतं. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर ब्रेट तासभर बोलला: हेल्मेट, पिवळं जॅकेट, बूट, कुठे उभं राहायचं, कुठे नाही. शेवटी त्याने सवयीने विचारलं, कोणाला काही प्रश्न? असा प्रश्न विचारल्यावर सगळे घड्याळ बघतात. एमीलने हात वर केला.

“डोंगर कुठे आहे?”

ब्रेट हसला. “कुठला डोंगर, मेट?”

“मी ज्युरावरून वळलो, व्होज ओलांडला आणि पिरनीजवर गाडी लावली. एवढं चढून आलो तर दम लागायला हवा होता.”

“अरे, ते नुसतं मार्केटिंग आहे. नो वरीज.”

“मला आहेत वरीज,” एमील म्हणाला. आवाज चढवला नाही, हसलाही नाही. फॉर्मवर सही केली आणि बाहेर जाऊन पडलेले दगड बघायला लागला.

‘नो वरीज’ या दोन शब्दांवर त्याचा फार राग. इथे पेट्रोल भरलं तरी ऐकू येतात, पाय तुटला तरी ऐकू येतात. पन्नास वर्षं या देशात काढून त्याने ते एकदाही तोंडातून काढले नव्हते. म्हणायचा, ज्याला कसलीच काळजी नाही त्याला मी माझा हातोडासुद्धा धरायला देणार नाही.

मी एकदा त्याला विचारलं, रस्त्यांच्या नावांत तुझा डोंगर कुठला? म्हणाला, “नाहीये. बरं झालं. माझ्या डोंगरात विकण्यासारखं काही नाही.” त्याच्या डोंगराचं नाव सेवेन. फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राच्या वरच्या अंगाला. फार उंच नाही, पण उतार असे की सपाट जागा म्हणून नाहीच. तिथल्या कोंबडीचासुद्धा एक पाय आखूड असतो, असं तो जराही न हसता सांगायचा. एकाच रांगेत तीन जातींचा दगड. वर ग्रॅनाइट, कडेला चुनखडी, मधे पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट. दगड बदलला की घर बदलतं, छप्पर बदलतं, आणि त्याच्या मते माणसंही बदलतात. हा शिस्टवाला. चुनखडीवाल्यांबद्दल तो चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही.

सपाट जमीन नाही म्हणून लोकांनी ती बांधून काढली. पायथ्यापासून वरपर्यंत दगडी बांध, प्रत्येक बांधामागे खोलीएवढी माती, त्यात कांदा, तुती, चेस्टनट. गहू पिकत नसे, म्हणून चेस्टनटला तिथे पावाचं झाडच म्हणायचे. दगडी खोपटात महिनाभर मंद धुरावर ती फळं वाळवायची आणि हिवाळाभर त्यांचं सूप प्यायचं. तुती रेशमाच्या किड्यांसाठी. किड्यांची अंडी उबवायला बायका ती पुरचुंडीत बांधून अंगावर, कपड्यांच्या आत बाळगायच्या. त्याच्या आजीने बाळगली होती. त्या दिवसांत आजीला कोणी रडवायचं नाही आणि चिडवायचं नाही, अंडी बिघडतील म्हणून. “वर्षातले तेवढे दहा दिवस घरात शांतता,” एमील म्हणायचा.

आणि पाऊस. शरदात समुद्रावरून ढग येतात, डोंगराला धडकतात आणि एका दुपारी सगळे रिकामे होतात. मी म्हटलं, आमच्या घाटाला हेच होतं. त्याने मान हलवली, पण मला बोलू दिलं नाही. पावसाने बांध फुटायचे, माती खाली वाहून जायची. मग अख्खं गाव पाट्या घेऊन ती माती परत वर नेऊन टाकायचं. त्याची आई न्यायची. “गाणी म्हणत नाही हां,” तो मला बजावून सांगायचा. “लोकांना वाटतं डोंगरातली माणसं गाणी म्हणतात. माझी आई शिव्या देत वर चढायची. मातीला, पावसाला, माझ्या बापाला, देवाला. पण पाटी कधी अर्ध्यात टाकली नाही.”

देवाचंही त्यांचं वेगळंच. राजाने कधीकाळी त्यांचा पंथ बंद केला. हे लोक दऱ्यांमध्ये जमून प्रार्थना करायला लागले. दफनभूमीत जागा मिळेना, तर आपली माणसं आपल्याच बांधावर पुरायला लागले, शेजारी एक सायप्रसचं झाड लावून. “राजा म्हणाला बदला. आम्ही नाही म्हटलं. शंभर वर्षं नाही म्हटलं. आता सवय लागलीये,” असं म्हणून तो सुरी मिटायचा.

ती सुरी म्हणजे त्याचं जेवणाचं घड्याळ. बाराला उघडायची. पाव, चीज, एक कच्चा कांदा. खाताना कोणाशी बोलायचं नाही. सुरी मिटली की जेवण संपलं. बाकी सगळे मोबाइलवर मान घालून चिप्स खात असायचे. एप्रिलमध्ये एकदा त्याने भाजलेले चेस्टनट आणले, स्वतः लावलेल्या झाडाचे. मी म्हटलं, छान आहेत. तर म्हणे, महिना चुकीचा आहे. चेस्टनट ऑक्टोबरमध्ये पडायला हवेत. “झाडाला सवय झाली. मला नाही झाली.”

कामाच्या त्याच्या पद्धतीवर मी सुरुवातीला वैतागले होते. टेप नाही, लेझर नाही. दोन खुंट्या आणि एक दोरी. एकदा हातात घेतलेला दगड परत जमिनीवर ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. एकदा एक बोजड धोंडा उचलून तो भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरला, त्याला जागा मिळेना. मी म्हटलं, अरे ठेव खाली, दुसरा घे. हाताच्या शिरा टरारल्या होत्या, घाम डोळ्यांत जात होता. “उचलला मी. आता तो माझा प्रश्न आहे,” म्हणाला आणि तिसरी फेरी मारली.

इथला दगड त्याला आवडत नसे. काळा, गोलमटोल, आपल्या दख्खनच्या कातळाचा भाऊबंद. शिस्ट आपणहून आडवा पडतो, हा बटाट्यासारखा घरंगळतो. पण बोलता बोलता त्याने मला सगळं दाखवलं. भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एकमेकींकडे कललेल्या. दोन दगडांच्या सांध्यावर एक दगड. अधूनमधून एक लांब दगड आरपार, दोघींना धरून ठेवायला. आणि मधल्या पोटात मुठीएवढ्या चिपा. त्या फावड्याने ओतायच्या नाहीत. एकेक हाताने, घट्ट बसवायची. दिवसाचा अर्धा वेळ तो त्या पोटातच घालवायचा. ब्रेटला ते बघवत नसे. “जे दिसतच नाही त्यावर एवढा वेळ?” एमील त्याला म्हणाला, “तुझं काळीज मला दिसत नाही. काढून ठेवू?”

त्याचं म्हणणं साधं होतं. इथली चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते आणि थंडीतल्या पावसात पाणी पिऊन फुगते, आपल्याकडच्या काळ्या रानासारखी. माझ्याच घराच्या दाराच्या वर तिसऱ्या वर्षी तडा गेला होता. जमीन हलणार, तर भिंतीलाही अंग हलवता यायला हवं. कोरडी रचलेली भिंत हलते, बसते, पुन्हा टेकते. सिमेंटची भिंत ताठ उभी राहते आणि एक दिवस मधून फुटते. आणि पाणी. “पाणी येणार. तू कोण त्याला नाही म्हणणारी?” हे तो मला म्हणायचा, जणू मीच दारात उभी राहून पाणी अडवलं होतं.

त्याच सुमाराला आई देवरूखजवळच्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आली होती. एका शनिवारी मी डबा विसरले, तर ती चालत साइटवर आली. गेटवरच्या माणसाने तिला हेल्मेट आणि पिवळं जॅकेट घातल्याशिवाय आत सोडलं नाही. पाचवारी, स्पोर्ट्स शूज, वर पिवळं जॅकेट, अशी ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, “अगो, हा तर गडगा.” आमच्या कोकणात वाडीभोवती घालतात तो दगडी बांध. मग हात लावत लावत पुढे गेली आणि एका जागी थांबली.

“अहो भाऊ, हा दगड डुगडुगतोय.”

एमीलला मराठी काय कळणार, पण हात कुठे आहे ते कळलं. त्याने दगड दाबून पाहिला. खरंच हलत होता. त्याने वरचे तीन दगड उतरवून भिंतीच्याच माथ्यावर ठेवले आणि पहिल्यापासून रचले. मग सुरी उघडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवताना बोलला. मी मधे बसून भाषांतर करत होते. गडगा कोण घालायचं? आईचे वडील. कधी? पावसाळ्याच्या आधी, पडला असेल तेवढा. मधे काय भरायचे? काही नाही, बारीक दगड.

“विचार तिला, चुना का नाही घालत?”

आईला हा प्रश्नच वेडगळ वाटला. “चुना कशाला? पाणी कुठून जाईल मग? आणि सरडे, मुंगसं जायची कुठे?”

मी भाषांतर केलं. “पन्नास वर्षं मी हेच इंजिनिअर लोकांना सांगतोय,” एमील मला म्हणाला. “तुझ्या घरातच होतं.” आईने आणलेलं थालीपीठ त्याने कच्च्या कांद्याबरोबर खाल्लं आणि जाताना तिच्या हातात एक दगड दिला, बसवायला. आईने तो फिरवून फिरवून पाहिला आणि बसवला. तो दगड त्याने हलवून पाहिला नाही. मला वाटतं, माझ्या त्या सहा वर्षांच्या नोकरीतला तेवढाच एक दिवस मला मनापासून आवडला होता.

आणि मग सर्टिफिकेट आलं. म्हणजे आलं नाही, तेच तर झालं. भिंत छातीएवढी, शेजारी मुलांचं पार्क. सर्टिफिकेट देणारा माणूस म्हणाला, नुसत्या दगडांवर मी सही करणार नाही, एखादं पोर चढेल, दगड निसटेल. आतून सिमेंट भरा, मग सही देतो. हँडओव्हरला तीन आठवडे राहिलेले. ब्रेटचं म्हणणं, सगळंच पाडू, काँक्रीट ब्लॉकची भिंत घालू आणि वरून हेच दगड कापून चिकटवू. सांग तुझ्या फ्रेंच मित्राला.

मी सांगितलं नाही. मी मधला मार्ग काढला. या मधल्या मार्गाची मला आजही चीड येते, कारण तो काढताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. एमील शुक्रवारी तीनला घरी जायचा. त्या शुक्रवारी तो गेल्यावर मी पंपवाला बोलावला. सिमेंटचं पातळ मिश्रण वरून पाइपने भिंतीच्या पोटात सोडायचं, चिपांच्या मधून ते खालपर्यंत झिरपणार, बाहेरून काही दिसणार नाही. भिंत राहील, दगड राहतील, सर्टिफिकेट मिळेल, म्हाताऱ्याचं मन राहील. बांधून झालेल्या पन्नासेक मीटरच्या पोटात ते दोन तासांत उतरलं. फॉर्मवर सही माझी. मी स्वतः उभी राहून बघत होते, बाहेर डाग पडू नयेत म्हणून.

सोमवारी मी पोचले तेव्हा तो आधीच आला होता. हातात दगड होता. भिंतीच्या पायाशी दोन ठिकाणी राखाडी ओघळ बाहेर आले होते, शनिवारी वाळलेले. माझ्या नजरेतून ते सुटले होते. तो एका हाताने दगड पोटाशी धरून दुसऱ्या हाताने भिंत थोपटत चालला होता, अगदी सावकाश, टोकापर्यंत. मग परत आला.

“कोणी?”

“कंपनीने,” मी म्हटलं.

“कंपनीला हात नसतात. कोणी?”

“सही मी केली.”

मग मी भडाभडा बोलले. सर्टिफिकेट, पार्क, मुलं, ब्रेट सगळीच पाडणार होता, त्यापेक्षा हे बरं, बाहेरून तर काही कळतही नाही. हे शेवटचं म्हटल्यावर मलाच ते ऐकू आलं. एमीलने हातातला दगड वाकून जमिनीवर ठेवला. इतक्या दिवसांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

“चुना का घालत नाहीत ते ब्रेटला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “ब्रेट गाढव आहे, गाढवावर मी रागवत नाही. तुला माहीत होतं. मी सांगितलं म्हणून नाही. तुझ्या आईने सांगितलं, आणि ते तू तुझ्या तोंडाने मला सांगितलंस.”

मला त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्याने खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली, हातोडे कापडात बांधले आणि त्याच्या युटमध्ये, म्हणजे पिकअप गाडीत, टाकले. उरलेले दहा मीटर आमच्या लँडस्केपिंगच्या पोरांनी दीड दिवसात सिमेंट लावून उभे केले. हेच ते हाताने उभारलेलं काम.

घरी आल्यावर आईला सांगितलं. वाटलं, ती तरी समजून घेईल, नोकरी आहे, वरचे लोक असतात, असं काहीतरी म्हणेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “माझा दगडपण आत गेला ना त्यात?” मी होकारार्थी मान हलवली. “मग आता मला तिकडून फिरायला नको नेऊस.” परत जाईपर्यंत ती स्टेशनला लांबच्या रस्त्याने जायची. पायांचं दुखणं असताना.

मी त्याला फोन केले. पाच-सहा केले असतील. उचलला नाही. दोनदा मेसेज टाकला, सॉरी म्हणून, आणि पाठवल्यावर त्या शब्दाचा इतका राग आला की फोन आपटावासा वाटला. इथे कोणाचा धक्का लागला तरी सॉरी म्हणतात. त्याच्या घरी जायचं ठरवलं आणि गेले नाही. दर शनिवारी काहीतरी काम निघायचं. निघायचं म्हणजे मी काढायचे.

महिन्याभराने पार्कचं उद्घाटन झालं. शनिवार सकाळ, भाजलेल्या सॉसेजचा स्टॉल, कॉफीची व्हॅन, पोरांची तोंडं रंगवणारी बाई, सगळीकडे फुगे. निम्मी गर्दी आपलीच, स्ट्रोलर घेऊन, गॉगल लावून. भिंतीत एक पितळी पाटी बसवली होती. तिच्यावर फ्रेंच डोंगर, वारसा, हस्तकला असलं काहीबाही आणि खाली ठळक अक्षरांत एमीलचं नाव. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आमंत्रण मात्र रीतसर पाठवलं होतं. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, टाय, बुटांना पॉलिश. कौन्सिलर बाईंचं भाषण चाललं होतं तोवर मागे हात बांधून उभा राहिला, सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पांगल्यावर भिंतीपाशी गेला, खिशातून छिन्नी आणि छोटा हातोडा काढला आणि पाटीच्या कडेने ठोकायला लागला.

कोणी मधे पडेना. टाय घातलेला म्हातारा काहीतरी अधिकृतच करत असणार असं लोकांना वाटलं. वाघासारखं तोंड रंगवलेल्या एका मुलीने विचारलं, “व्हॉट आर यू डुइंग?” म्हणाला, “चूक दुरुस्त करतोय.” ती तिथेच बसून बघत राहिली. बराच वेळ लागला त्याला, कारण आजूबाजूच्या दगडांना टवका उडू नये म्हणून तो फार जपून मारत होता. मेलेल्या भिंतीलाही तो इतकं जपत होता.

ब्रेट माझ्या कानाशी आला. “तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो.” मी गेले. जवळ जाऊन उभी राहिले. पाटी सुटली. त्याने रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली, आपलं नाव एकदा वाचलं आणि पाटी माझ्यापुढे धरली. मी दोन्ही हातांनी घेतली, आपल्या सवयीने.

“मागची बाजू कोरी आहे,” तो म्हणाला. “तुझं नाव घाल. काम तुझं आहे.”

मी म्हटलं, “एमील.” त्याने छिन्नी खिशात ठेवली, त्या मुलीला टोपी काढून नमस्कार केला आणि फुग्यांच्या कमानीखालून युटकडे गेला. गेटपाशी त्याची गाडी थांबली, कारण पोरं रांगेने रस्ता ओलांडत होती. काच खाली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. एवढ्यात ब्रेट परत आला. त्याने माझ्या हातातली पाटी बघितली, भिंतीतलं भोक बघितलं.

“सोमवारी परत बसवता येईल ना?”

एमील अजून बघत होता. मी म्हटलं, “हो.”

पोरं पलीकडे गेली, आणि तो निघून गेला.